बाबांनी बुजवलेली भोकं

आमच्या घराण्यात आजवर कुणीही उडालेलं नाही. बुडालेले तीन आहेत (त्यातला एक उत्तम पोहता येत असताना, केवळ हट्टाने), वाहून गेलेले एक काका आहेत, ते चार दिवसांनी धडधाकट परत आले आणि आधी जेवण मागितलं. पण हवेत जायची रीत आमच्याकडे नाही. मला मात्र लहानपणापासून उडायचं होतं.

विमानातून नव्हे हं! रेवदंड्याच्या खाडीवरून, उघड्या हवेत, खाली पाणी आणि पाण्यावर आपली सावली, असं. मी घरगुती खानावळ चालवते. पाहुण्यांसाठी सुरमई तळता तळता मी कितीदा तरी खिडकीतून निघून साळावच्या पुलाला एक फेरी मारून आले आहे. परत येईपर्यंत तुकड्या काळ्या झालेल्या असत. नवरा त्या मुकाट्याने खाई आणि म्हणे, "मालती, तुला विमानाचं तिकीट काढून देतो. त्यात बसून उड, पण गॅस बंद करून जा."

आणि मग एके दिवशी आमच्याकडे महिनाभर राहायला दिघे सर आले. उभं आयुष्य पाण्यावरच्या स्की शिकवण्यात घालवलेला माणूस. त्यांनी परवानगी काढून खाडीच्या संथ पाण्यात एक तरंगता लाकडी उतार बांधला. धावत्या बोटीमागे दोर धरून, दोन्ही पायांत स्की घालून पाण्यावरून घसरत यायचं, उतारावर चढायचं आणि पुढे... पुढे काही नाही. हवा!

मी दोन वर्षं धाकट्या भावाच्या, नितीनच्या बोटीमागे स्की करत होते. पर्यटक उठायच्या आत, गुपचूप. सरांनी मला तसं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "रविवारी सकाळी भरतीला एक उडी मारा. दुपारी मी मांडव्याहून मुंबईला. उतारही काढून नेणार."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मी आणि माझे गुडघे मुलीकडे बंगळुरूला."

म्हणजे एकच उडी. त्या दिवशी मी आमटीत दोनदा मीठ घातलं.

शुक्रवारी स्की निवडायच्या होत्या. उडीच्या स्की वेगळ्या असतात. लांब, रुंद, हलक्या, खाली एक छोटंसं पातं. किती लांब घ्यायच्या ते माणसाच्या वजनावर ठरतं. सरांनी वही काढली. "वजन?"

"अठ्ठावन्न," मी म्हणाले. (लग्नात होतं.)

बाबा शेजारी विडी ओढत बसले होते. माझे बाबा होड्या बांधणारे सुतार. पन्नास वर्षं कोळ्यांच्या होड्या पाण्यात सोडल्या आहेत. त्यांनी मला एकदा वरून खाली पाहिलं. "सत्तर-बहात्तर भरंल. व्हडी असती तर खाली आणखी एक फळी टाकली असती."

"बाबा!"

सर सभ्य गृहस्थ. पण वजन चुकलं तर स्की बुडेल, म्हणाले. मग मला बंदरावर मासळीच्या काट्यावर उभं केलं. काटेवालीने सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं विचारलं, "बरफासकट की बरफ सोडून?" एकाहत्तर भरलं. बाबांनी विडी फार समाधानाने ओढली. सरांनी सगळ्यांत लांब जोडी काढली.

मग बूट बसवले. स्कीवर रबराचे बूट असतात, ते पट्टीवरच्या भोकांच्या रांगेत स्क्रूने बसवायचे. कुठल्या भोकात, ते स्कीच्या शेपटीपासून मोजून ठरवायचं. साबणाच्या पाण्यात पाय बुडवून मी ते बूट चढवले आणि अंगणातच डोळे मिटून जरा उडून आले. सर म्हणाले, "आता सुकू द्या. बाकीचं रविवारी पाण्यावर बघून." स्की बाबांच्या शेडमध्ये ठेवल्या.

इथेच आमचं नशीब फिरलं. होडीच्या सुताराच्या शेडमध्ये भोकं असलेली वस्तू ठेवायची नसते!

शनिवारी मी अकरा पाहुण्यांचं जेवण रांधत ढगांत होते, आणि तिकडे बाबांनी फळ्या उलटसुलट करून पाहिल्या. एकेका फळीला वीसेक भोकं! पोरगी पाण्यात जाणार आणि त्या शहरी माणसाला भोकं बुजवायचं भान नाही! बाबांनी कापूस घेतला, राळ कढवली, आणि संध्याकाळपर्यंत एकूण एक भोक ठासून भरलं. स्क्रूच्या डोक्यांवरूनसुद्धा राळेचा हात फिरवला.

रविवारी सकाळी काठावर आई हळदकुंकू आणि नारळ घेऊन हजर. नवी होडी पूजेशिवाय पाण्यात जात नाही. पण ही होडी एक की दोन, यावर पाच मिनिटं वाद झाला.

"दोन फळ्या, दोन नारळ," नितीन म्हणाला.

"माणूस येकच हाय ना वर? मंग येकच नारळ," आई म्हणाली.

एकच फुटला. सरांनी प्रसाद खाता खाता स्कीकडे पाहिलं. चावायचे थांबले. "हे काळं काय आहे?"

"आता धा वरसं पाणी शिरनार न्हाय!" बाबा म्हणाले.

सरांनी डोळे मिटून खोबरं गिळलं. "असू दे. मापं बरोबर असतील तर बूट हलवावे लागणारच नाहीत."

आधी उताराला न शिवता एक चक्कर मारायची होती. नितीनने बोट काढली. मी उभी राहिले खरी, पण स्कीची टोकं सारखी पाण्यात खुपसत होती. परत आले तर बाबा गुडघाभर पाण्यात उभे. "नाक खुपसतंय. वजन पुढं पडतंय. बूट अर्धं बोट मागं घ्या."

सरांनी टेप लावली, बसलेल्या बुटाचं माप घेतलं, वहीत पाहिलं. मग बाबांकडे बघतच राहिले. "अगदी बरोबर. अर्धाच इंच. काठावरून कसं कळलं तुम्हाला?"

"मंग सरकवा की!"

"कशात सरकवू काका? ती भोकं तुम्ही बुजवलीत!"

बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. "म्हंजी... ती भोकं मुद्दामची व्हती?"

भरती तासाभराचीच उरली होती. मला रडू आलं आणि रागही. चाळीस वर्षं मनात उडतेय मी, आणि प्रत्यक्षात कापूस आणि राळेने अडवावं! तोंडाशी आलेलं बोलणार, तेवढ्यात बाबा खाली चिखलात बसले, फळी मांडीवर घेतली आणि पटाशी मागितली. आपण भरलेलं भोक त्यांनी पुन्हा उकरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पटाशी चालत नव्हती तिथे खिळ्याने, खिळा चालत नव्हता तिथे नखाने. "कंचं? ह्ये? आन त्याच्या मागचं?" सर बोट ठेवत होते, बाबा उकरत होते. शेवटी स्क्रू फिरले आणि बूट मागे सरकले. बाबांच्या नखातून रक्त येत होतं. माझा राग कुठे गेला मला कळलंच नाही.

"जा मालू," ते म्हणाले. "पाणी उतराय लागलं."

आणि मी गेले. दोर ताणला गेला, पाणी पायांखाली फळीसारखं कडक झालं, ओला उतार समोर आला, टक् असा आवाज झाला आणि मग कसलाच आवाज उरला नाही. खाडी खाली राहिली. मागे साळावचा पूल, डावीकडे कोर्लईचा किल्ला, माडांचे शेंडे, काठावर पदर तोंडाला लावून उभी आई, आणि पाण्यात दोन्ही हात वर करून उभे बाबा. पाण्यावर माझी सावली जात होती. सगळं किती सावकाश! मला खाली यायची अजिबात घाई नव्हती.

मग मी आले. दोन पावलं उभी, बाकीची आडवी.

पुढे चार दिवस खानावळीत येईल त्याला मी हे वर्णन वाढत होते, मीठ न विसरता. पाचव्या दिवशी सरांनी मुंबईहून व्हिडिओ पाठवला. बोटीत बसून त्यांनी तो काढला होता. नितीनने अकरा पाहुण्यांसमोर लावला. उडी एकूण दीड सेकंदाची. तोंड उघडं, आणि डोळे पहिल्यापासून शेवटपर्यंत गच्च मिटलेले! बाबांनी तीनदा लावून पाहिला आणि हळूच विचारलं, "मग किल्ला कंच्या डोळ्यानं बगितला गं?"

डावीकडे होता, एवढंच सांगते.