घरकुलाचा फ्लेक्स

काळेवाडीत आमच्या चौकात फ्लेक्स लावणारा एक कार्यकर्ता आहे. महापालिकेने घरकुलांची नाहीतर निधीची नुसती घोषणा केली, की दुसऱ्या दिवशी नगरसेवकाच्या हसऱ्या चेहऱ्यासकट आभाराचा फ्लेक्स वर. "घरं कुठायत?" विचारलं, की म्हणतो, "दम धरा राव, साहेबांचं सगळ्यांकडं लक्ष हाय."

परवा वादळात फुलं विकणाऱ्या मावशींच्या खोलीचा पत्रा उडाला. महापालिकेच्या मदत कक्षात कोणी फोन उचलेना. शेवटी ह्यानेच घरकुलाचा फ्लेक्स उतरवला आणि स्वतः भिंतीवर चढून छपराच्या जागी ताणून बांधला. साहेबांचा चेहरा मात्र पावसाने खराब होऊ नये म्हणून आतल्या बाजूला ठेवला.

मावशींनी वर पाहिलं. "लक्ष हाय ते दिसलं बाबा," त्या म्हणाल्या, "पर आता मी लुगडं कुठं बदलू?"