विंगेतल्या खुर्चीचं दुखणं

आमचे हे प्रॉम्प्टर. नाटक चालू असताना विंगेत अंधारात बसायचं आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच पुरवायचा. नाटकवाले यांना ‘कुजबुज मास्तर’ म्हणतात. त्या खुर्चीवर आधी माझे सासरे बसायचे. त्यांची लघवी तुंबली, ऑपरेशन झालं आणि ते काही घरी परत आले नाहीत.

यंदा थंडीत हे न्हाणीघरात शिरले की नळ सोडायला लागले. पाणी धो धो वाहतंय आणि माणूस बाहेर यायचं नाव नाही! दाराशी उभं राहिलं की माझ्या अंगावर काटा यायचा. सासरेही असाच नळ सोडून आत कण्हत बसायचे. पाण्याआडून मला तोच आवाज यायचा, अगदी शपथेवर सांगते.

“डॉक्टरकडे चला,” म्हटलं की यांचं एकच. “कापतील. बाबांसारखं होईल.”

“अहो, वय झालं की होतं पुरुषांना. त्यात लाजायचं काय?”

“बाबा विंगेत माझ्या मागे उभे असतात गं. न्यायला आलेत.”

माझं डोकंच सटकलं. “त्यांना म्हणावं, सून सोडत नाही!” असं म्हणून धरून नेलं यांना.

डॉक्टरबाईंनी तपासलं, लघवी-रक्त पाहिलं, सोनोग्राफी केली. प्रोस्टेट वाढली होती. “ऑपरेशनची आता गरज नाही,” त्या म्हणाल्या. “ही गोळी लघवीची वाट सैल करते. सुरुवातीला चक्कर येऊ शकते, खुर्चीवरून सावकाश उठा. संध्याकाळनंतर चहा नको. एकदा जाऊन झालं की जरा थांबून पुन्हा बघा. बरं, आणखी कुठलं औषध घेता?”

“छे! सर्दी-खोकल्याचं तेवढं. प्रयोगाआधी दोन झाकणं. विंगेत खोकून कसं चालेल?”

“ते आजपासून बंद. आधीच अरुंद झालेली वाट त्यानं आणखी आवळते.”

दोन आठवड्यांत फरक पडला. हे आत जायचे आणि लगेच बाहेर यायचे. मला हायसं वाटलं, पण यांचं तोंड उतरलेलंच. जेवणावरून अर्धवट उठले तेव्हा मी खडसावलं, “आता काय बिघडलंय?”

“बाबाही प्रयोगाआधी तेच औषध प्यायचे,” हे म्हणाले. “झाकणं मीच भरून द्यायचो. दवाखान्यात नेलं त्या दिवशीसुद्धा दिली होती.”