कार्त्यायनीचा रविवार

हातमागाच्या सोसायटीतून निवृत्त झाल्यावर कार्त्यायनीनं केरळात पय्यनूरजवळच्या आपल्या गावातल्या वाचनालयात बायकांची पुस्तकचर्चा सुरू केली. रविवारी दुपारी भांडी आटोपून बायका यायच्या. सगळ्या तिला चेची, म्हणजे ताई, म्हणत. नियम एकच, प्रत्येकीनं काहीतरी बोलायचंच.

प्रसीता पुस्तक नेमानं वाचून यायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. एका रविवारी कादंबरीतली बाई नवऱ्याचं घर सोडून जाते, त्यावर वाद पेटला. सगळ्या त्या बाईलाच नावं ठेवत होत्या.

"प्रसीता, आज तुझी सुटका नाही. बोल," कार्त्यायनी म्हणाली.

"नको, चेची."

"अगं, इथलं इथंच राहतं. आपण काय परक्या आहोत?"

प्रसीता खाली मान घालून म्हणाली, "गेली ते बरं केलं तिनं. मला जमलं नाही, म्हणून मी अजून तिथंच आहे."

शेजारी बसलेली नळिनी उगाचच चहाचे ग्लास गोळा करू लागली. कार्त्यायनीला मात्र वाटलं, आज चर्चेचं सार्थक झालं.

पुढच्या रविवारी प्रसीता आली नाही, तिचा नवरा उत्तमन आला. दारातूनच त्यानं कादंबरी आत भिरकावली. "माझ्या घरातलं इथं बसून चघळता होय? लाज वाटू द्या जरा!"

कार्त्यायनी तडक त्याच्या घरी गेली. प्रसीतानं दार अर्धंच उघडलं. तिचा ओठ सुजला होता.

"माझ्याकडे चल."

"आणि उद्या? परवा?" प्रसीता हळूच म्हणाली. "मी नको म्हणत होते, चेची."

दार लागलं.

वाचनालयाचे अध्यक्ष कुंजीरामन मास्तर म्हणाले, "चेची, जरा हलकं काही घ्या. प्रवासवर्णनं घ्या."

"त्यातही माणसं घर सोडूनच जातात, मास्तर," ती फटकन बोलली खरी, पण आतून पार खचली होती.

तिनं चर्चा आपल्या ओसरीवर आणली. मोजक्याच बायका आल्या. त्यांना चहा देताना तिची नजर प्रत्येकीच्या चेहऱ्यावर रेंगाळायची. यांच्यातल्याच कुणीतरी ते बोलणं उत्तमनपर्यंत नेलं होतं. कुणी, ते तिला कधीच कळलं नाही. बायकाही आता "छान आहे पुस्तक" एवढंच म्हणून गप्प बसत.

एका सकाळी ती प्रसीताच्या कुंपणाजवळून चालली होती. प्रसीता दगडावर कपडे धूत होती. मान न वळवता तिनं विचारलं, "आता कुठलं वाचताय?"

कार्त्यायनी थबकली. "एका नावाड्याची गोष्ट आहे. देऊ आणून?"

"घरात पुस्तक नको. तिथूनच सांगा."

कुंपणाला टेकून कार्त्यायनी गोष्ट सांगू लागली. घरातून उत्तमनच्या खोकण्याचा आवाज आला, तशी ती थांबली.

"सांगा, सांगा," प्रसीता पुटपुटली, आणि कपडे जोरजोरात आपटू लागली.