चुकीचा वार सांगणाऱ्या मावशी

सोमवार, सकाळची पाळी, अतिदक्षता विभाग. हजर: इन्चार्ज सिस्टर म्हणजे मी, दोन नर्स, एक तरुण डॉक्टर, सहा खाटांवर सहा आजी-आजोबा, आणि मावशी. मावशी आल्या आल्या पहिल्या खाटेवर वाकल्या आणि म्हणाल्या, "आज शुक्कुरवार ना वो, आजी?"

मावशी म्हणजे आमच्या आयाबाई. जासई गावच्या. डॉक्टर आले-गेले, मावशी मात्र कायम.

तुमच्यापैकी कुणी आयसीयूत म्हाताऱ्या माणसाजवळ बसला असेल तर हे पाहिलं असेल. आमच्याकडे खिडकी नाही, दिवे विझत नाहीत. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र पिशवीत घालून नातेवाईक घरी नेतात. दोन दिवसांत माणूस भ्रमात जातो. नळ्या ओढतो, नर्सला सून समजून झापतो. म्हणून भिंतीवर फळा आहे: आज वार कोणता, आपण कुठे आहोत. तो बरोबर ठेवणं माझ्या यादीत पहिलं काम. मावशी रोज त्याच्या उलट सांगायच्या.

मी त्यांना मेमो दिला. त्यांनी तो नीट घडी घालून कमरेला खोचला.

"मावशी, आज सोमवार आहे."

"मना ठाव हाय, सिस्टर. मी बरोबर सांगलं त ती 'बरं' बोलून झोपतात. चुकलं त भांडाला उठतात."

मेमोला उत्तर म्हणून हे फाइलला कसं लावणार? मी लावलं नाही.

मग एकदा चार नंबरच्या खाटेवर एक आजोबा आले. साताऱ्याकडचे, सरकारी कचेरीतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त, ऐंशीच्या पुढचे. न्यूमोनिया. तोंडावर श्वासाचा घट्ट मास्क, आणि तो ते दर पाच मिनिटांनी उपटून काढत होते. मास्क टिकला नाही तर घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागणार होतं, आणि या वयात त्यावरून परत येणं कठीण. डॉक्टर म्हणाला, हात बांधा. बांधलेली माणसं जास्त तडफडतात, हे मला माहीत होतं. पण माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

मावशींनी अर्धा तास मागितला. आधी आजोबांच्या मुलीकडून चष्मा मागवून त्यांच्या डोळ्यांवर, मास्कच्या वर, कसाबसा बसवला. मग खाटेजवळ स्टूल ओढून मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजोबा, हापिसात भायेरून आलेला कागद जावकच्या वहीत लिवतात ना?"

आजोबांचे डोळे खाडकन उघडले. हात मास्ककडे गेला.

"ना, ना. मास्क काडलात त तुमी हरलात. लिवून दाखवा."

वही-पेन हातात दिलं. आजोबांनी लिहिलं, 'आवक', आणि खाली दोन रेघा ओढल्या. मावशींना मराठी वाचता येत असे, तरी त्यांनी वही उलटी धरली. मग पुढचं: रजेचा अर्ज पेन्सिलीने चालतो ना, आज रविवार, कचेरी चालू असेल ना. आजोबा लिहीत गेले. दुपारी त्यांनी खुणेने लाल पेन मागितलं. मास्क जागचा हलला नाही. डॉक्टर दोनदा आकडे बघून गेला आणि हात बांधण्याबद्दल पुन्हा बोलला नाही. पाच दिवस हे चाललं.

नळी लागली नाही. आजोबा चाकांच्या खुर्चीतून घरी गेले. जाताना अभिप्रायाच्या कागदावर त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं: 'सेवा उत्तम. सदर आयाबाई मात्र अत्यंत अज्ञानी असून त्यांना रोज शिकवावे लागते. तरी कामावर ठेवाव्यात.'

मी मावशींना ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की स्टूलवरून उठता येईना. मग डोळे पुसत म्हणाल्या, "बरा मास्तर भेटला मना."

मावशी निवृत्त होऊन आता वर्ष होत आलं. नव्या मुली चटपटीत आहेत. फळा अचूक असतो. त्या गोड आवाजात बरोबर वार सांगतात. आजी-आजोबा 'बरं' म्हणतात आणि डोळे मिटतात.

नव्या आयांना काय शिकवायचं, याची यादी मला व्यवस्थापनाला द्यायची आहे. हात धुणं, कूस बदलणं, चष्मा-कवळी खाटेजवळ ठेवणं, असे सहा मुद्दे लिहून झाले. सातव्यात लिहायचं आहे की रुग्णाशी रोज, ठरवून, चुकीचं बोलावं. ते सहीनिशी कसं लिहावं, याचे चार कच्चे मसुदे मी फाडले. सातवा मुद्दा अजून कोरा आहे.