नावं ठेवणारे बाबाजी घाग

बाबाजी घाग सगळ्यांना नावं ठेवतात. इथे आखातात, उम्म अल हस्सम वस्तीतल्या आमच्या खोलीतली डाळ पातळ, त्यांचा मालक कंजूष आणि गाडी चालवणारा मी आंधळा! पण दगडावर अक्षरं त्यांच्यासारखी कुणी कोरत नाही, म्हणून सगळे ऐकून घेतात.

परवा एका चर्चच्या आवारातल्या युद्धस्मारकाची पुसट अक्षरं काळी करायला त्यांना बोलावलं होतं. मी घ्यायला गेलो, तर हे ब्रश खाली ठेवून बसलेले. गोऱ्या सैनिकांची नावं हुद्द्यांसकट रंगवून झाली होती. शेवटची ओळ राहिली होती: ‘आणि तीन हिंदी शिपाई.’

“ह्या तिघांची नावं कुठायत?” त्यांनी चर्चचं काम बघणाऱ्या वसईच्या रेजिनाताईंना विचारलं.

“दगडावर एवढंच आहे, घागभाऊ. आता मेलेल्यांच्या दगडालाही नावं ठेवणार का?”

“कुणी ठेवलीच नाहीत ना!” बाबाजी भडकले. “आमच्या गावात देवळापाशी असलाच दगड आहे. लढाईला इतके गेले, इतके मेले, खलास! माझ्या पणजोबांचा सख्खा भाऊ त्या आकड्यात आहे.”

रेजिनाताईंचा आवाज उतरला. “काय नाव होतं त्यांचं?”

बाबाजींनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग ब्रश उचलून ती ओळ रंगवायला घेतली.

संध्याकाळी डाळ पातळच होती. बाबाजी मुकाट्यानं जेवले.