फिलोमावशींच्या लुगड्याची गोधडी

आटपाडीच्या स्टँडवर आईनं माझ्या हातात दशम्यांची पिशवी दिली आणि म्हणाली, "तिकडं कुनाच्या मागं मागं करू नगंस. पन कुनी बोलावलं तर घरात बसून ऱ्हाऊ नगंस." नवऱ्याला सातिवलीच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि तो मला न्यायला आला होता. एसटी सुटताच तो खिडकीला डोकं टेकून झोपी गेला. मी विट्याचा स्टँड येईपर्यंत रडले. मग भूक लागली, म्हणून दशम्या काढून खाल्ल्या. गाव सोडणाऱ्या सगळ्यांचं असंच होत असावं. तुम्हीही निघाला असाल तर तुम्हाला ठाऊकच आहे. मागं राहिला असाल तर आमच्याबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका. दशम्या छान लागतात.

आम्हाला आगाशीजवळच्या एका वाडीत खोली मिळाली. पुढं मालकांचं घर, मागं भाड्याच्या खोल्यांची रांग आणि सगळीकडं केळीच केळी. आमच्या गावाकडं टँकर यायचा, तेव्हा कळशी कळशी वाचवायचो. इथं मोटर लावून विहिरीचं पाणी केळींना सोडायचे, ते बघूनच सुरुवातीला माझा जीव वरखाली व्हायचा.

मालकीणबाई म्हणजे फिलोमावशी. ख्रिस्ती घर, जुनं, इथलंच. मुलीशी त्या आपल्या बोलीत बोलायच्या. ती बोलीही मराठीच आहे हे कळायला मला बराच काळ लागला. माझ्याशी मात्र शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलायच्या, त्यामुळे मला उगाच अभ्यास राहिल्यासारखं वाटे.

पुढं मीही सातिवलीत एका गाळ्यात परकर शिवायला जाऊ लागले. लग्नसराईत सगळी ऑर्डर लाल रंगाची. कुंकवासारखा, डाळिंबी, विटकरी, मरून, राणी. मशीनखाली कातरणांचा ढीग साचे आणि तो कचऱ्यात जाई. गाळ्यातल्या मास्तरांना विचारून मी पिशवी भरून घरी आणू लागले. आई वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायची ती हाताला लागेल त्या रंगाची. माझ्याकडं दुसरा रंगच नव्हता. मग मधे एक चौकोन घेऊन चारी बाजूंनी पट्ट्या जोडत, हातभर रुंदीच्या लालच लाल चौकटी शिवायला घेतल्या.

पहिल्या काही चौकटी बघून माझं मलाच हसू आलं. लांबून सगळं एकाच कापडासारखं दिसायचं, मेहनत कुठं गेली कळायचंच नाही. फिलोमावशी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, फिक्या पट्ट्या एका अंगाला लाव, गडद दुसऱ्या अंगाला. तसं केलं आणि चौकटीवर एका बाजूनं ऊन पडल्यासारखं झालं. तेव्हापासून रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्या की त्या माझ्याकडं येऊन बसायच्या आणि तुकडे निवडून द्यायच्या. त्या बोलवायच्या, तेव्हा आईचं बोलणं आठवून मीही त्यांच्याकडं चहाला जाऊ लागले.

त्याच वर्षी त्यांची रोशेल कॅनडाला जायची ठरली. नर्सिंग झालेली, हुशार मुलगी. बॅगेचं वजन ठरलेलं, म्हणून मावशी जे पुढं करतील त्याला ती नको म्हणायची. तिकडं सगळं मिळतं, हे तिचं उत्तर. मावशी तुकडे निवडायला यायच्या बंद झाल्या.

एका दुपारी त्या आल्या, ते एक जुनं लुगडं घेऊन. इकडच्या ख्रिस्ती बायका पूर्वी नेसायच्या तसलं, लाल, चौकड्यांचं. त्यांच्या आईचं होतं. आता घरात कुणी लुगडं नेसत नव्हतं.

"हे तुझ्या लालात बसेल?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बसेल, पण कापावं लागेल. त्यांनी लुगडं मांडीवर घेतलं, घडीवरून हात फिरवत राहिल्या. मग माझ्याकडं दिलं.

"काप. पेटीत ठेवून तरी कोण नेसणार आहे?"

कात्री लावायचा मला धीर होईना. आईला फोन केला. ती म्हणाली, जुनं कापड नव्याला थेट जोडू नको, नवं त्याला ओढून फाडतं. खाली मांजरपाटाचं अस्तर लाव. आणि परकराचं लाल आधी धुऊन घे. धुतलं तर बादलीत बिटाचा रस झाला. तसंच शिवलं असतं तर लुगड्याच्या पांढऱ्या रेघा गुलाबी झाल्या असत्या. मग प्रत्येक चौकटीच्या मधे लुगड्याचा तुकडा आणि भोवती परकराच्या पट्ट्या, असं शिवत गेले. धावदोरा मावशींनी घातला. त्यांची आई कशी रागीट होती, हे सांगत सांगत.

निघायच्या दिवशी रोशेलची बॅग पडवीत उघडी होती. मावशींनी गोधडी शेजारी खाटेवर ठेवली. रोशेलनं चौकडे ओळखले.

"आईनं कापू दिलं?" तिनं मला विचारलं.

मी मान हलवली. तिनं बॅगेतून कुकर काढला, बाजूला ठेवला आणि त्या जागी गोधडी दाबून बसवली. "भात पातेल्यात शिजवीन," ती म्हणाली. मावशी हसल्या आणि डोळे पुसत आत गेल्या.

आता व्हिडिओ कॉलवर रोशेल गोधडीत गुंडाळूनच बसलेली दिसते. बाहेर बर्फ असतो, आणि तिचा भात अजून खाली लागतो.

गेल्या दिवाळीत मी आटपाडीला गेले. फराळ झाला, गप्पा झाल्या, आईच्या शेजारी पोटभर झोपले. एका सकाळी शेंगा फोडता फोडता मी म्हणाले, "आता घरी जायला पाहिजे." बोलले आणि जीभ चावली. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती रुसणार असं वाटलं.

"घर म्हनालीस," आई म्हणाली. "बरं झालं. मला त्याचीच काळजी हुती."

आणि तिनं शेंगा माझ्या पिशवीत भरायला घेतल्या.