मामांच्या खिशातला सर्व्हर

रविवारी दुपारी आमच्या होस्टेलसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर मी हातात लॅपटॉप घेऊन उभी होते आणि मला काहीही कळत नव्हतं. आज सगळं कळलंय असंही नाही... पण सांगते.

लातूरला नीटच्या क्लासेसच्या मागच्या गल्लीत आमचं छोटंसं होस्टेल आहे. आठ मुली, मी, नवरा आणि मामा, म्हणजे माझे सासरे. मध्यंतरी एक हलका हादरा बसला. भांडी वाजली, एवढंच... पण सगळं शहर रस्त्यावर आलं आणि जो तो फोन लावत सुटला. लागेना कुणाचाच.

त्यात आमच्या होस्टेलमधल्या सुमय्याची अम्मी तिकडे गावी, औशात. शिलाईचं दुकान आहे त्यांचं. लेकीचा आवाज ऐकेपर्यंत बाईंचा जीव टांगणीला लागला होता, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी कळवलं की रविवारी येते आणि पोरीला घेऊन जाते. सुमय्या रडून रडून बेजार. या पोरीला शाळेपासून डॉक्टर व्हायचंय आणि असले क्लास औशात नाहीत.

मला फार वाईट वाटलं. मी नांदेडला बीसीए केलंय, लग्नानंतर मात्र पोळ्यांचा हिशोब सोडून कशाला हात लावला नव्हता. म्हटलं, काहीतरी करून दाखवू. जावास्क्रिप्टमध्ये छोटा वेब सर्व्हर करता येतो, आपल्याच प्रोग्रॅमच्या पोटात बसणारा. थोड्या ओळी लिहिल्या की आपलाच लॅपटॉप वेबपानं वाढायला लागतो. मी मेसमध्ये ताटं वाढते, तो पानं वाढणार!

पान अगदी साधं. आठ जणींची नावं, सगळी लाल. बाहेर आलेल्या मुलीने मोबाईलवर आपल्या नावावर बोट ठेवलं की नाव हिरवं. इंटरनेट लागत नाही, होस्टेलच्या वायफायवर चालतं, त्यामुळे फोन जाम झाले तरी अडणार नाही.

माझ्या लॅपटॉपवर झकास उघडलं. तोच पत्ता मुलींना पाठवला तर कुणाच्याच मोबाईलवर उघडेना! डोकं पिकलं. मग लक्षात आलं की मी 'लोकलहोस्ट' पाठवलं होतं, म्हणजे 'हेच मशीन'. प्रत्येकीचा मोबाईल बिचारा स्वतःच्याच पोटात सर्व्हर शोधत होता... लॅपटॉपचा वायफायवरचा पत्ता दिला आणि सुरू झालं.

रविवारी अम्मी आल्या. चहा झाला. मी मामांना म्हटलं, हादरा बसलाय असं समजून शिट्टी वाजवा. मुली धडाधडा खाली आल्या, मीही लॅपटॉप घेऊन पळाले... आणि परत तेच. माझ्याकडे पान सुरू, मुलींकडे बंद!

फायरवॉल बघितली. पोर्ट बदलला. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. अम्मी माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत होत्या.

सगळ्यात शेवटी मामा हात झटकत आले. "मेन पाडून आलो," म्हणाले. मी विचारलं, कशाला? ते माझ्याकडे बघतच राहिले. "कशाला म्हंजे? हादरा बसला की आधी मेन पाडायचा, मंग बाहीर पडायचं. त्र्याण्णवच्या भूकंपापासून आपल्या घरात असंच हाय."

मेन स्विच बंद म्हणजे वीज बंद, म्हणजे वायफायची डबीही बंद. इकडच्या घरांत हे कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून मला नांदेडवालीला कुणी सांगितलंच नव्हतं. हसावं की रडावं कळेना.

अम्मींना आग्रहाने जेवायला थांबवलं. सकाळच्या टेस्टने दमलेल्या मुली जेवून खोल्यांत गेल्या. तोवर मी नवऱ्याच्या जुन्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला आणि सर्व्हर त्यातच बसवला. एवढासाच तर होता, मावला. मुलींचे मोबाईल त्याला जोडले आणि तो मोबाईल मामांच्या सदऱ्याच्या खिशात टाकला. आता पाडा मेन!

पुन्हा शिट्टी. एकेक नाव हिरवं व्हायला लागलं, मी टाळ्याच वाजवणार होते... पण एक नाव लालच राहिलं. सुमय्याची रूममेट वैष्णवी. मामांनी खिशातला मोबाईल काढून बघितला, "वैष्णवी आत हाय!" म्हणाले आणि जिना चढून गेले. पोरगी कानात बोळे घालून गाढ झोपली होती.

ती डोळे चोळत खाली आली तेव्हा अम्मींनी विचारलं, "ताई, हे मला औशात दिसंल का?"

मी नकाराची मान हलवली. दिसणार ते हॉटस्पॉट पोचेल तेवढ्यातच. एवढा खटाटोप करून मी जे पान केलं होतं, ते फक्त प्लॉटवर उभ्या असलेल्या माणसांना दिसणार होतं! मला हे आधी सुचलंच कसं नाही? आता सुमय्या चालली, असंच मी धरून चालले.

अम्मी वैष्णवीच्या केसांवरून हात फिरवत होत्या. "भूकंपाच्या त्या पहाटे आमचा धाकटा भाऊ आत ऱ्हायला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं अब्बाजवळ हाय, अब्बाला वाटलं माझ्याजवळ हाय. उजाडल्यावर कळलं." मग मामांकडे वळून म्हणाल्या, "मला नाही दिसलं तर नाही दिसू द्या. तुम्हाला दिसतंय न्हवं? ऱ्हाऊ द्या पोरीला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पान बनवलं मी, पण ते कुणासाठी आहे हे मला अम्मींकडून कळलं. त्यांचे आभार कसे मानायचे, तेही मला समजलं नाही...

संध्याकाळी त्या एकट्याच एसटीत बसल्या.  खिडकीतून मामांनाच बजावलं, "काका, त्यो मोबाईल रोज चार्ज करत जावा."